सोनबोडीचा राखाडी मनोरा

आधीच सांगून ठेवतो, यातल्या एका अक्षरावरही तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या सख्ख्या भावाचा बसला नाही. एका वार्ताहरानं तर अर्ध्यातच वही मिटली आणि चहा न पिता गेला. पण हयातीच्या दाखल्याचं यंत्र आज सकाळपासून बंद आहे, दुरुस्त करणारी बाई तुमसरहून निघाली म्हणतात, आणि आपण वीसेक पेन्शनर जिवंत आहोत हे सिद्ध व्हायची वाट बघत इथे बाकांवर बसलोय. करायला दुसरं काही नाही. तेव्हा ऐका. मी, हेमराज लांजेवार, वय वर्षं सत्तर, एकेकाळी अख्खा कोरिया देश घाबरवला होता. नुसत्या तोंडानं.

"सुरू झाले काकाजी," मागच्या बाकावरून प्राजक्ताबाई नाकाडे म्हणाल्या. या निवृत्त तलाठी, सात-बारा वाचल्यासारखं माणसाला वाचतात. "कोरिया म्हणजे कोरियाच ना जी? का कोरेगाव?"

"दक्षिण कोरिया. आणि साक्षीदार पाहिजे असेल तर ती बघा, बायकांच्या रांगेत पहिल्या बाकावर, माझी बायको रागिणी. तिच्यापायीच सारं झालं."

रागिणी मागे न वळता म्हणाली, "माझ्यापायी काही झालं नाही. सांगायचं तर सांगा, पण नीट सांगा."

नीटच सांगतो. सन दोन हजार पंचेचाळीस. मी नागपूरच्या लोकदर्शन केंद्रात मनोऱ्यांचा राखणदार होतो. हुद्द्याचं नाव लांबलचक होतं. काम एवढंच, की काचेच्या खोलीत जे दोन मनोरे उभे असत त्यांच्याकडे दिवसभर बघायचं आणि काही विचित्र दिसलं तर वर कळवायचं.

मनोरा म्हणजे विटांचा नव्हे, उजेडाचा. त्याचा एकेक मजला पाच वर्षांच्या वयाचा. सगळ्यात खाली तान्ही बाळं, त्यावर शाळकरी पोरं, त्यावर तरुण, असं करत वर शंभरीला टेकलेले. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. आणि प्रत्येक माणसाला शिक्षणाचा रंग: शाळेचं तोंडच पाहिलं नाही तो राखाडी, प्राथमिक झालेला तांबडा, दहावी-बारावीचा पिवळा, त्यापुढचा निळा. आता यातली गंमत बघा. वय दरवर्षी वाढतं, पण माणूस एकदा शिकून मोकळा झाला की त्याचा रंग बदलत नाही. गोंदणासारखा तो अंगाबरोबर जातो. आज पंचवीस वर्षांची मुलगी पिवळी असेल, तर चाळीस वर्षांनी ती पासष्टची असेल आणि पिवळीच असेल. म्हणजे आजचा खालचा मजला नीट मोजला की उद्याचा वरचा मजला आपोआप कळतो. त्यात किती जन्मतील, किती मरतील, कोण देश सोडून जाईल, एवढं मिसळलं की दोन हजार शंभर सालचा देश समोर उभा राहतो.

एक मनोरा आपला होता, दुसरा कोरियाचा. कोरियाचा भोवऱ्यासारखा. वर रुंद, खाली टोक, आणि जवळजवळ सगळा निळा. शंभर वर्षांपूर्वी त्यांच्याकडेही राखाडी माणसंच फार होती. मग त्यांनी एका पिढीत पोरापोरींना शाळेत घातलं आणि राखाडी रंग म्हाताऱ्यांबरोबर हळूहळू वर चढत निघून गेला. पोरी शिकल्या, पाळणे कमी झाले, इतके कमी की म्हाताऱ्यांकडे बघायला माणूस उरेना. आपला मनोरा माठासारखा, पोट मोठं आणि आत चारही रंगांची खिचडी.

मग दोन्ही देशांनी करार केला. मनोऱ्यात जो तालुका पुढे निळा दिसेल तिथे विज्ञानाची महाविद्यालयं वाढवायची, वृद्धसेवेची यंत्रं बनवायला आणि चालवायला तिथल्या मुली घ्यायच्या. जो राखाडी दिसेल तिथे साक्षरतेचे वर्ग. आणि विज्ञानाचा वर्ग असेल तर तोही बंद. शिकणारंच कोणी उरणार नसेल तर प्रयोगशाळा कोणासाठी?

"अन् वर्ग बंद केल्यावर शिकणारं कोण उरणार?" प्राजक्ताबाई म्हणाल्या.

"कोणीच नाही. म्हणजे मनोरा खरा! तो कधी चुकत नसे बाई, कारण चुकायला जागाच ठेवत नसे."

तर एका सोमवारी मी डबा खाता खाता आपला सोनबोडी तालुका उघडला आणि घास हातात राहिला. बायकांची बाजू राखाडी. वरचे मजले असते तर समजलं असतं. पण तिशीच्या, चाळिशीच्या बायका राखाडी! आणि पुढची सालं सरकवली तर राखाडी रंग कमी होण्याऐवजी वाढत होता, कारण मनोरा आईवरून मूल ठरवायचा. आईचं शिक्षण किती, त्यावर तिला मुलं किती होतील, त्यातली किती जगतील आणि किती इयत्ता शिकतील याचा अंदाज. आई राखाडी धरली की लेक अर्धी राखाडी, नात त्याहून. एका मजल्यावरची चूक पन्नास वर्षांत खालपर्यंत झिरपत जायची, छपराच्या एका भोकातून अख्खं घर गळावं तसं. दोन हजार नव्वद साली सोनबोडीत बारावी शिकलेली बाई औषधालाही सापडणार नव्हती.

आता आमच्या घरचं सांगतो. मी आठवडाभर नागपुरात, रविवारपुरता घरी; रागिणी सोनबोडीतच, तेव्हा चौतीस वर्षांची होती. दहावीला बहात्तर टक्के, अठराव्या वर्षी लग्न, पोरगा आठवीत. आणि त्या वर्षी तिनं काय करावं? सोनबोडीच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञानला नाव घातलं. सोळा वर्षांच्या पोरींत जाऊन बसायची. भाकरी थापता थापता तोंडानं गतीचे नियम म्हणायची. मनोरा तर तिशीनंतर कोणाचा रंग बदलूच देत नसे, त्याच्या लेखी अशी बाई असूच शकत नव्हती. आणि आता नोटीस निघणार होती: सोनबोडी, विज्ञान शाखा, पुढील वर्षापासून स्थगित. म्हणजे तिची बारावी गेली. दुसरं महाविद्यालय बासष्ट किलोमीटरवर, मध्ये नदी.

मी धावत आमच्या संचालकबाईंकडे गेलो. डॉक्टर इरावती मोघे, पुण्याच्या. हुशार बाई, पण खुर्चीतून कधी न उठलेली.

"लांजेवार, यंत्र ऐकतं तेच लिहितं," त्या म्हणाल्या. "तालुक्याचा आक्षेप असेल तर शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत फेरगणना होऊ शकते. रविवारी यादी पक्की."

आक्षेप मी तिथेच लिहून दिला, आणि यंत्र काय ऐकत होतं ते काढून पाहिलं. तेव्हा गणनेला घरोघर माणसं जात नव्हती. यंत्रच फोन करायचं, आपल्या भाषेत विचारायचं, उत्तर ऐकून कागदावर उतरवायचं. सोनबोडीची पानं उलटत गेलो. घरातल्या बाईचं शिक्षण? 'कुठं काय शिकली!' पुढचं घर. 'कुठं काय शिकली!' तीन हजार सातशे घरं, तेच एक वाक्य. आमचंही घर त्यात. त्या वाक्यासमोर यंत्रानं प्रामाणिकपणे खूण केली होती: शाळा नाही.

हे तुम्हाला-मला कळतं. आपल्याकडची बाई पाच पदार्थ वाढेल आणि म्हणेल, आज काही केलंच नाही जी. नवी साडी नेसेल आणि म्हणेल, जुनीच आहे. तशीच दहावी झालेली बाई म्हणते, कुठं काय शिकली! यंत्राला मराठी येत होतं, लाजणं येत नव्हतं. आपल्या बायकांच्या विनयानं तालुका बुडत होता!

रागिणीनं पहिल्या बाकावरून वळून माझ्याकडे पाहिलं. मी बाकावर जरा पुढे सरकलो.

मंगळवारी मी रजा टाकली आणि सोनबोडी गाठली.

"बुधवारी," रागिणी म्हणाली.

बुधवारी. ती परीक्षानळ्या धुवून नुकतीच आली होती, बोटांना कसलासा जांभळा डाग. मी सगळं सांगितलं. तिनं पहिलं काय विचारावं?

"मनोऱ्यात मी कोण्या रंगाची?"

"राखाडी."

"राखाडी? मले दहावीत बहात्तर टक्के होते! तुमाले एकोणपन्नास. तुमी कोण्या रंगाचे?"

"मी... निळा. पदवी आहे ना माझी."

तिनं बोटावरचा डाग चोळला. मग म्हणाली, "पुढच्या साली वर्ग नाही राहिला तर मी काय करू? चार महिने झाले मले, सकाळी उठली की वाटते आज काहीतरी नवीन आहे. ते बंद करून देतील काय?"

हे मी तुम्हाला गंमत म्हणून सांगत नाही. तिचा आवाज फुटला नव्हता, उलट अगदी सपाट होता, आणि त्यानंच मला घरात बसवेना. मी उठलो, मोटारसायकल काढली. हातात अडीच दिवस, समोर एकेचाळीस गावं. शनिवारी फोन पुन्हा वाजणार होते, आणि तोवर तालुक्यातल्या प्रत्येक बाईला मला एकच विद्या शिकवायची होती: फुशारकी. आता सांगा, या कामाला माझ्याइतका लायक माणूस जिल्ह्यात होता काय?

"नव्हता," तिघं-चौघं एकदम म्हणाले.

पहिलं गाव माकडटोला. तिथे साठीच्या यमुनाबाई कोटांगले धान वाळवत होत्या.

"मावशी, शिकल्या किती?"

"अगा बापू, कुठं काय..."

"थांबा! तेच म्हणायचं नाही. इयत्ता सांगा."

"नववी. पण नववी म्हंजे का सांगायची गोष्ट हाय?"

"हाय. म्हणा, मी नववी शिकली. मान वर करून."

त्यांनी पदर सावरला, इकडेतिकडे बघितलं. "माहा नवरा ऐकत असन तर?"

"तर आणखी मोठ्यानं म्हणा."

"मी नववी शिकली!" यमुनाबाई ओरडल्या. कावळे उडाले. घरातून त्यांचा नवरा धावत आला, त्याला वाटलं विंचू चावला.

बस, त्यानंतर मी थांबलो नाही. खैरबोडी, पिंपळझरी, डोंगरटोला. अंगणात, विहिरीवर, राशनच्या रांगेत मी बायका गोळा करायचो आणि फुशारकीचे धडे द्यायचो. पाठ झुकवायची नाही. 'फक्त' हा शब्द वापरायचा नाही. 'नुसती' म्हणायचं नाही. एका गावात जेवलो, दुसऱ्यात हात धुतले, तिसऱ्यात आठवलं की डबा पहिल्यातच राहिला. शुक्रवारी दुपारी मोटारसायकलचा टायर फुटला तर मी शेवटची सहा गावं एका भाजीच्या टेम्पोत, वांग्यांवर बसून केली. डोक्यात एकच घड्याळ. शनिवार, पाच वाजता.

पण फुशारकीचं एक आहे, ती शिकवणं सोपं, आवरणं कठीण. मी पुढच्या गावाला गेलो की मागे स्पर्धा लागायची. एकीनं नववी म्हटलं तर शेजारीण दहावी. मग तिची नणंद बी.ए. झाली. तिची जाऊ एम.ए. शुक्रवारी परतताना माकडटोल्यात यमुनाबाईंनी मला हाक मारली.

"बापू, डॉक्टरेट म्हंजे का असते?"

"एका विषयात खूप वर्षं काम करून नवीन काहीतरी शोधलं की मिळते."

"मंग मी तीस वर्षं धानाची रोवणी केली. पाणी कमी पडलं त्या साली कोणतं बियाणं तगते थे मीच शोधलं, साऱ्या गावानं घेतलं. मले कायले नाही देल्ली?"

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर सांगा.

शनिवारी मी काचेच्या खोलीत उभा. सकाळी दहाला फोन वाजायला लागले. सोनबोडीचा मनोरा आधी थोडा तांबूस झाला. मग पिवळा. दुपारी एकला पहिली निळी ठिणगी दिसली, आणि अडीचला, देवाशपथ, काच निळ्या उजेडानं थरथरायला लागली. चार हजार एकशे बारा डॉक्टरेट! आणि मनोऱ्याचा नियम तर ठाऊकच आहे तुम्हाला. आई निळी की लेक निळी, नात गडद निळी. यंत्रानं पुढची सालं काढली, तर दोन हजार शंभर साली एकट्या सोनबोडी तालुक्यात अख्ख्या कोरियापेक्षा जास्त विद्वान! शेजारचा कोरियाचा मनोरा त्यापुढे समईसारखा दिसायला लागला. मोघेबाई आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीतून उठल्या. सोमवारी सेऊलमध्ये मंत्रिमंडळ बसलं. हे सोनबोडी आहे तरी कुठे, म्हणून नकाशे मागवले. एका मंत्र्याला म्हणे घाम फुटला.

"मंत्र्याचा घाम तुम्हाले नागपुरातून दिसला?" प्राजक्ताबाई.

"पेपरात आलं होतं बाई."

"कोणत्या?"

ते जाऊ द्या. पुढच्या आठवड्यात कोरियाहून एक प्राध्यापक स्वतः आल्या. ह्वांग म्याडम. ठेंगण्या, पांढरे केस, आणि मराठी असं बोलायच्या की ऐकणाऱ्यानं आपलं सुधारून घ्यावं. पाच वर्षं नागपुरात काढली होती त्यांनी. त्यांनी सत्कार नाकारला, नारळ बाजूला ठेवला आणि सरळ कनिष्ठ महाविद्यालयात, अकरावीच्या वर्गात, रागिणीच्या बाकावर जाऊन बसल्या. मी आणि मोघेबाई दाराशी. आता रागिणी काय सांगते यावर सगळं होतं. मी तिला सकाळीच बजावलं होतं, किमान पदवीधर तरी म्हण, नाहीतर डॉक्टरेटही गेल्या आणि वर्गही गेला.

"तुमचं शिक्षण किती?" ह्वांग म्याडमनी विचारलं.

रागिणी उभी राहिली. "दहावी पास. अकरावी चालू आहे. बारावी करायची आहे, वर्ग राहिला तर."

मी डोळे मिटले. संपलं!

पण म्याडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी तिची वही मागितली. पानं चाळली. लंबकाच्या प्रयोगात रागिणीनं सरांच्या गणितातली एक चूक पेन्सिलीनं दाखवली होती, तिथे त्या थांबल्या. मग मोघेबाईंना म्हणाल्या, "तुमचा मनोरा तिशीला थांबतो. ही थांबली नाही. मला आणखी अशा किती आहेत ते मोजून द्या. तोवर या वर्गाला कोणी हात लावायचा नाही."

आणि वर्ग राहिला. रागिणी बारावी झाली, पुढे पदवी झाली, त्याच प्रयोगशाळेत तिनं एकवीस वर्षं काढली, आणि आज बघा, स्वतःच्या पेन्शनसाठी स्वतःच्या रांगेत बसलीय. एका माणसाच्या तोंडाच्या जोरावर!

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. तिथेच थांबायला हवं होतं, पण प्राजक्ताबाई तलाठी पडल्या.

"अन् त्या चार हजार डॉक्टरेटचं त्यांनी काही नाही विचारलं?"

विचारलं ना. पण त्यांना त्यापेक्षा पहिल्या गणनेचंच कोडं पडलं होतं. त्यांनी तो कागद माझ्यासमोर धरला. 'कुठं काय शिकली!' "हे कोण बोललं?" म्हणाल्या. मी म्हटलं, घरातली बाई, दुसरं कोण? "कशावरून?" म्हणाल्या. "पुण्याची बाई स्वतःबद्दल 'मी शिकले' म्हणते आणि दुसरीबद्दल 'ती शिकली'. तुमच्याकडे 'मी शिकली' आणि 'ती शिकली', दोन्ही सारखंच. नुसतं 'शिकली' लिहिलं तर बोलणारी कोण हे कळणार कसं? आमच्या भाषेतही क्रियापदावरून मी की ती कळत नाही, म्हणून आम्ही आधी आवाज ऐकतो. मूळ रेकॉर्डिंग आहे का?"

आता इथे दैवानं घात केला बघा. केंद्राच्या तळघरात त्याच आठवड्यात पाणी शिरलं होतं. सगळी रेकॉर्डिंगं पुसली गेली, एकही उरलं नाही. म्याडम हळहळल्या. मीही पुष्कळ हळहळलो. शेवटी मीच त्यांना समजावलं, म्याडम, आपल्याकडच्या बायका फार विनयशील हो...

"खोटं!"

रागिणी उठून उभी राहिली होती. दोन्ही रांगा तिच्याकडे वळल्या.

"पाणी कुठंच शिरलं नव्हतं. म्याडमनं मले प्रयोगशाळेत बसवून तीसेक घरचे रेकॉर्डिंग ऐकवले. एकातही बाई नव्हती. फोन घरच्या माणसानं उचलला, अन् बाईले न विचारता सांगून टाकलं. दुसऱ्या खेपेस यंत्रानं फोन बायकांच्या हाती मागितला, एवढंच झालं. फुशारकी कोणीच शिकवली नाही, कोणी मारलीही नाही. अन् पहिलं रेकॉर्डिंग त्यांनी आपल्या घरचं लावलं होतं. 'कुठं काय शिकली,' म्हणून वरून हसणं पण होतं त्याच्यात. थो आवाज तुमचा होता जी."